लेथ किलोवर विकण्यापूर्वी

तुमच्या शाळेच्या मागच्या बाजूला पत्र्याचे छप्पर असलेली, बहुधा कुलूपबंद अशी एखादी खोली आहे काय? असल्यास तिच्या खिडकीतून एकदा आत डोकावून पाहा. मोडके बाक, फाटके नकाशे, गंजलेले लोखंडी कपाट, आणि त्यांच्या मागे धुळीने माखलेले, हिरव्या किंवा राखी रंगाचे एखादे अवजड धूड दिसले, तर तो बहुधा लेथ असेल. ज्या शाळांत पूर्वी तांत्रिक विषय शिकवले जात असत, त्यांपैकी कित्येक शाळांत असा एखादा लेथ, एखादे ड्रिलिंग मशीन, एखादा ग्राइंडर अजून पडून आहे. शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत त्याची नोंद असते ती एका ओळीची : 'लेथ मशीन, नग १'. पुढे कधीतरी खोली रिकामी करण्याचा ठराव होतो, निर्लेखनाचा कागद तयार होतो, भंगारवाला काटा घेऊन येतो आणि ते धूड किलोच्या भावाने निघून जाते.

माझे म्हणणे एवढेच आहे : विकायचा तर खुशाल विका; पण तो काय आहे हे ओळखल्यावाचून विकू नका. आणि हे ओळखण्याचे काम कोणा तज्ज्ञाला न देता नववी-दहावीच्या मुलामुलींना द्या. त्यासाठी लागणारी साधने, म्हणजे फूटपट्टी, व्हर्निअर, वही आणि थोडी चिकाटी, प्रत्येक शाळेत आहेत. चिकाटीबद्दल मात्र मी खात्री देत नाही.

पहिली गोष्ट, नावाच्या पाटीवर विसंबू नका. पुष्कळ जुन्या यंत्रांवरची पितळी पाटी केव्हाच नाहीशी झालेली असते, कारण पितळेला भाव येतो. पाटी असलीच तर तिच्यावर पुष्कळदा यंत्र विकणाऱ्याचे नाव असते, बनवणाऱ्याचे नव्हे. त्यापेक्षा ओतकामातच उठावाने आलेली अक्षरे अधिक खरी. रंगाच्या चार-पाच थरांखाली ती बुजलेली असतात. बोटांनी चाचपडली तर लागतात. (रंग कोरडा घासून काढू नका. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि त्याची धूळ श्वासाबरोबर आत जाते. ओल्या फडक्याने पुसा, तेवढ्याने काम भागते.) बेडच्या टेलस्टॉककडील टोकाला काही आकडे ठोकलेले आहेत का तेही पाहा. अनेक कारखान्यांची यंत्र-क्रमांक ठोकण्याची ती आवडती जागा होती.

अक्षरे सापडली नाहीत तरी निराश होऊ नका. यंत्राची खरी ओळख त्याच्या मापांत असते आणि मापे कोणी उचकटून नेऊ शकत नाही.

लेथला एक लांब आटे असलेला दांडा असतो, त्याला लीड स्क्रू म्हणतात. हत्यार बसवलेली गाडी, म्हणजे कॅरेज, आटे पाडताना याच दांड्याच्या फिरण्याने पुढे सरकते. फूटपट्टी या दांड्याला लावा, एका आट्याच्या माथ्यापासून सुरुवात करा आणि पुढचे दहा आटे मोजा. अंतर ६३.५ मिलिमीटर भरले तर दांड्याला इंचाला चार आटे आहेत. ६० मिलिमीटर भरले तर आट्याचा पिच ६ मिलिमीटर आहे. फरक साडेतीन मिलिमीटरांचा, म्हणजे साध्या फूटपट्टीवरही स्पष्ट दिसणारा. एकच आटा मोजला असता तर फरक जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर आला असता आणि तुम्ही भांडत बसला असता. दहा दोलने मोजून दहाने भागा असे लंबकाच्या प्रयोगात आम्ही का सांगतो, ते येथे कळते.

आता या ६३.५ आणि ६० मध्ये इतिहास दडला आहे. आपल्या देशात वजने-मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्याआधीचे यंत्र बहुधा इंचाचे असणार. पण याचे उलट मात्र खरे नाही! लीड स्क्रू इंचाचा आहे एवढ्यावरून यंत्र १९५८ पूर्वीचे ठरत नाही, कारण आपल्याकडचे कारखानदार त्यानंतरही वर्षानुवर्षे इंचाला चार आट्यांचे लीड स्क्रू बसवत राहिले. तर्कशास्त्राच्या पुस्तकातले उदाहरण असे गंजलेल्या लोखंडात भेटते.

मग आणखी पुरावा शोधायचा. यंत्राच्या अंगावर अर्धा इंची बोल्ट असेल तर तो काढून त्याचे आटे मोजा. इंचाला १२ आटे असतील तर तो ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीचा. १३ असतील तर अमेरिकी पद्धतीचा. सुमारे साडेचौदा भरले आणि जाडी १२ मिलिमीटर निघाली तर तो मेट्रिक एम-१२, ज्याचा पिच १.७५ मिलिमीटर असतो. मात्र एकाच बोल्टवरून निकाल देऊ नका. बोल्ट हरवतात आणि हाताला येईल तो दुसरा बसवला जातो. निरनिराळ्या ठिकाणचे पाच-सहा पाहा आणि बहुमत घ्या.

हे १२ आणि १३ चे भांडण कोठून आले? इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ या अभियंत्याने अनेक कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, त्यांची मापे घेतली आणि त्यांच्या सरासरीच्या आधारे १८४१ साली एक प्रमाण पद्धत सुचवली. तिच्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा होता. तोपर्यंत एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसेल याचा भरवसा नव्हता. पुढे १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्स याने ६० अंशांचा कोन सुचवला, कारण साध्या कारागिराला ६० अंश बनवणे आणि तपासणे सोपे. आजच्या मेट्रिक आट्यांचा कोनही ६० अंशांचाच आहे. तुमच्या शाळेतल्या लेथच्या एका बोल्टात ही एवढी वादावादी पडून आहे.

लेथचे मोठेपण सांगण्याच्या रीतीतही देश ओळखू येतो. ब्रिटिश लोक बेडपासून मध्यरेषेची उंची सांगत, तर अमेरिकी लोक लेथवर मावणाऱ्या जास्तीत जास्त व्यासाचा आकडा सांगत. म्हणून ब्रिटिशांचा 'सहा इंची' आणि अमेरिकनांचा 'बारा इंची' लेथ आकाराने सारखाच. जुन्या कागदावर नुसते 'सहा इंची लेथ' एवढेच लिहिलेले असेल तर आधी पट्टी लावून पाहा.

शेवटी टेलस्टॉकमधले निमुळते भोक पाहा. त्याला मोर्स टेपर म्हणतात. त्याचा उतार सुमारे विसास एक इतका असतो. रुंद तोंडाचा व्यास पावणेअठरा मिलिमीटरांच्या आसपास असेल तर तो दोन नंबरचा, पावणेचोवीसच्या आसपास असेल तर तीन नंबरचा. हा आकडा वहीत जरूर लिहा, कारण पुढे ड्रिल, सेंटर, काहीही आणायचे झाले तर बाजारात पहिला प्रश्न तोच विचारतात. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात नुसते 'आमच्या लेथला बसेल असा सेंटर द्या' म्हणून कोणी देणार नाही. 'तीन नंबरचा द्या' म्हटले की समोरचा माणूस तुम्हाला जाणकार समजून बोलू लागतो.

एवढे करूनही बनवणाऱ्याचे नाव निश्चित होणार नाही, असे पुष्कळदा होईल. आपल्या देशात हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर कंपनी १९४१ साली सुरू झाली, बंगलोरला हिंदुस्थान मशीन टूल्स १९५३ साली स्थापन झाली. अशा मोठ्या कारखान्यांची यंत्रे ओळखणे तसे सोपे. परंतु पंजाबातील बटाला, गुजरातेतील राजकोट अशा ठिकाणी लहान लहान कारखान्यांनी परदेशी नमुन्यांवरून असंख्य लेथ ओतले, त्यांवर नाव असेलच असे नाही. ती नक्कल होती म्हणून नाक मुरडण्याचे मला काही कारण दिसत नाही. नक्कल करण्यासाठीही मूळ यंत्र पूर्ण खोलून, त्याचा प्रत्येक भाग मोजावा लागतो, आणि आज आपण त्या यंत्रांशी तेच करायला निघालो आहोत.

ओळख पटल्यावर पुढचा प्रश्न : यंत्र कामाचे आहे काय? येथे दिसण्यावर जाऊ नका. वरवरच्या गंजाने लेथ मरत नाही. थोडे डिझेल, चिंध्या आणि दोन रविवार एवढ्याने तो निघतो. लेथ मरतो तो झिजेने आणि तड्याने. बेड चकाजवळ सर्वांत जास्त झिजतो, कारण बहुतेक कामे आखूड असतात आणि कॅरेज त्याच हातभर जागेत आयुष्य काढते. तपासायचे असे : कॅरेज चकाजवळ आणा, तिच्या पकडपट्ट्या तेथे नीट बसतील इतपत आवळा आणि मग ती हळूहळू टेलस्टॉककडे सरकवा. मध्येच अडू लागली तर चकाजवळची जागा झिजली आहे असे समजा. नंतर आडव्या सरकपट्टीचे, म्हणजे क्रॉस-स्लाइडचे चाक थोडे उलट फिरवा आणि पट्टी हलू लागेपर्यंत तबकडीवर किती भाग पुढे गेले ते मोजा. यालाच स्क्रू गेजच्या प्रयोगात आपण बॅकलॅश म्हणतो. कारागीर 'प्ले' म्हणतात. स्क्रू गेजमध्ये तो डोळ्यांना दिसत नाही म्हणून मुले ते वाक्य पाठ करून लिहितात. जुन्या लेथवर चाक पाव फेरा फिरते आणि समोरचे लोखंड ढिम्म हलत नाही, तेव्हा पाठ करायची गरज राहत नाही.

तडा मात्र क्षमा करू नये. बेडला किंवा हेडस्टॉकला आरपार तडा असेल, किंवा कोणी तो वेड्यावाकड्या वेल्डिंगने जोडला असेल, तर ते यंत्र भंगारातच जावे. जुने ते सगळेच सोने मानणाऱ्यांपैकी मी नाही. पॉवर प्रेस नावाचे, पत्रा ठोकून कापण्याचे जुने यंत्र तर शाळेच्या आवारात असूच नये. त्याचे फ्लायव्हील एकदा क्लचने धरले की मधेच थांबत नाही, आणि त्याने कित्येकांची बोटे नेली आहेत. ते यंत्र चालू स्थितीत दुसऱ्या कोणाला देऊही नका. तसेच जुन्या ग्राइंडरची सहाणचाके. ती कोणत्या वेगासाठी आहेत हे वाचता येत नसेल तर फेकून द्या. चाक बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकेच टिचकावल्यावर खणखणीत वाजले तर तडा नाही, बद्द वाजले तर आहे, अशी एक जुनी परीक्षा आहे खरी. पण अनोळखी चाकाबाबत मी तेवढ्यावर विश्वास ठेवणार नाही. वेग दुप्पट झाला की फिरत्या चाकाला आतून फाडू पाहणारा ताण चौपट होतो, हे गणित तुम्ही अकरावीत कराल. नवे चाक मिळते, डोळा मिळत नाही.

आता जो लेथ झिजला आहे पण धडधाकट आहे, त्याचे करायचे काय? इथे माझे आणि अनेक टर्नर मंडळींचे मतभेद आहेत. त्यांच्या मते ज्या लेथवर अचूक काम निघत नाही तो निरुपयोगी. कारखान्यात हे बरोबरच आहे. पण शाळेत त्याला दुसरे आयुष्य देता येते, आणि कधी कधी ते पहिल्यापेक्षा अधिक मोलाचे असते.

उदाहरणार्थ, लेथचा बेड ही एक उत्तम ऑप्टिकल बेंच आहे. प्रयोगशाळेतल्या हलक्याफुलक्या बेंचवर कोणी टेबलाला धक्का दिला की भिंगे हलतात. लेथचा बेड बीडाचा असतो. बीडात ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांचे जाळे असते. ते कंपने गिळून टाकते. पोलादी कांब टांगून तिच्यावर हातोडी मारा, ती घंटेसारखी वाजेल. बीडाचा तुकडा 'थप्प' करून गप्प बसेल. शिवाय ओतकाम थंड होताना त्याच्या आत ताण अडकून राहतात आणि पुढे कित्येक महिने ते वस्तूला किंचित वाकवत राहतात. म्हणूनच चांगले कारखाने बेड ओतून झाल्यावर ते उघड्यावर मुरत ठेवीत. तुमच्या शाळेतला बेड पन्नास वर्षे मुरला आहे! टेलस्टॉकच्या जागी भिंग, कॅरेजवर पडदा. कॅरेज चाकाने अलगद पुढे-मागे सरकते, दोघांची मध्यरेषा एकच राहते. चकाजवळची झीज येथे कोणाला नडत नाही.

शिक्षकांसाठी आणखी एक गोष्ट. क्रॉस-स्लाइडवर सूक्ष्मदर्शक बसवला तर न्यूटनच्या वलयांचे व्यास मोजता येतात. तबकडीचा एक भाग इंचाचा हजारावा, म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर. महाविद्यालयातला चल सूक्ष्मदर्शी ०.०१ मिलिमीटर वाचतो. त्यामानाने हे अडीचपट ढोबळ. पण एक मीटर वक्रतात्रिज्येचे भिंग आणि सोडियमचा पिवळा प्रकाश घेतला तर दहाव्या काळ्या वलयाचा व्यास सुमारे पावणेपाच-पाच मिलिमीटर येतो, आणि त्यात तबकडीच्या एका भागाची चूक अर्ध्या टक्क्याची. शाळेला तेवढे पुरे. दोन पथ्ये पाळा. वाचन नेहमी एकाच बाजूने येत घ्या, म्हणजे बॅकलॅश आड येणार नाही. आणि तबकडी खरे सरकणे दाखवते की व्यासातली घट, म्हणजे त्याच्या दुप्पट आकडा दाखवते, हे आधी व्हर्निअरने तपासा. दोन्ही प्रकारचे लेथ असतात.

पण मला सर्वांत आवडणारा उपयोग आहे तो तारेची वेटोळी गुंडाळण्याचा. इनॅमलसह ०.५ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार नळीवर एकाला एक लागून, एकही वेटोळे दुसऱ्यावर न चढता गुंडाळायची आहे. हाताने हे फार कठीण. लेथवर नळी चकात धरायची, तार कॅरेजवरून द्यायची आणि चक एक फेरा फिरला की कॅरेज बरोबर ०.५ मिलिमीटर सरकेल अशी गिअरांची जोडणी करायची. मोटर लावायची नाही, चक हातानेच फिरवायचा. चाळीस सेंटिमीटर नळीवर आठशे वेटोळी होतात; चार जणांनी आळीपाळीने फिरवले तर एका दुपारी काम होते. एका मीटरला दोन हजार वेटोळी या हिशेबाने, एक अँपिअर प्रवाहाला आतले चुंबकीय क्षेत्र सुमारे अडीच मिलिटेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे साठपट. सूत्रातला n पुस्तकातून न येता गिअरांच्या दातांतून आला.

आता या दातांचेच पाहू, कारण येथे एक सुंदर अडचण आहे. आपला लीड स्क्रू इंचाला चार आट्यांचा, म्हणजे ६.३५ मिलिमीटर पिचचा. त्यावरून बरोबर २ मिलिमीटर पिचचा आटा पाडायचा असेल तर गुणोत्तर हवे २ भागिले ६.३५. हे सोडवून पाहा : ४० भागिले १२७ येते. कोणतेही मेट्रिक माप घ्या, छेदात १२७ येतोच, कारण इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि २५.४ म्हणजे १२७ चा पाचवा भाग. आणि १२७ ही मूळ संख्या आहे! तिचे तुकडे पडत नाहीत. म्हणून दोन लहान गिअर एकापुढे एक लावून तिचे काम भागवता येत नाही. १२७ दातांचे एक मोठे चाक लागतेच. ते नसेल तर कारागीर ६३ दातांचे चाक वापरून वेळ मारून नेतात. ४० भागिले १२७ च्या ऐवजी २० भागिले ६३. मग २ मिलिमीटरचा आटा २.०१६ मिलिमीटरचा होतो. दहा आट्यांत चूक ०.१६ मिलिमीटर. आखूड नटात ती खपते, लांब स्क्रूत नट अडकतो. आपल्या वेटोळ्याला मात्र १२७ दातांचे चाक असले तर प्रश्नच नाही : २० चे चाक ४० ला, आणि त्याच दांड्यावरचे दुसरे २० चे चाक १२७ ला फिरवते. गुणाकार करून पाहा, कॅरेज फेऱ्यामागे बरोबर ०.५ मिलिमीटर सरकते.

एक पाहिलेली गोष्ट सांगतो. एका शिक्षणसंस्थेने आपला जुना लेथ मोठ्या उदारपणे ठेवून घेतला, रंग दिला, फाटकाशी बागेत शोभेसाठी उभा केला. मात्र कपाटातला तेलकट गिअरांचा लाकडी डबा 'सुटे लोखंड' म्हणून आधीच भंगारात गेला होता. १२७ दातांचे चाक त्यातच होते. लेथ राहिला आणि त्याची मेट्रिक भाषा गेली. म्हणून पहिल्याच दिवशी सगळे गिअर शोधा, दात मोजा, प्रत्येकाला चिठ्ठी बांधा. खोलीच्या कोपऱ्यात, दार अडवायला, छपराचा पत्रा दाबायला, कोठेही ते सापडतात.

लेथ पुन्हा लेथ म्हणूनच चालवायचा असेल तर खर्च आणि जबाबदारी वाढते. जुन्या लेथला सपाट पट्टा आणि पायऱ्यांची कप्पी असते. एकेकाळी कारखान्यात छताजवळ एक लांब शाफ्ट फिरे आणि त्यावरून प्रत्येक यंत्राला पट्टा येई. आता स्वतंत्र मोटर लागते. चार ध्रुवांची मोटर आपल्या ५० हर्ट्झ विजेवर मिनिटाला सुमारे १४४० फेरे फिरते. तिच्यावर ७५ मिलिमीटरची आणि मधल्या शाफ्टवर ३०० मिलिमीटरची कप्पी बसवली तर वेग ३६० वर येतो. पन्नास मिलिमीटर व्यासाची साध्या पोलादाची कांब हायस्पीड स्टीलच्या हत्याराने कापताना पृष्ठभागाचा वेग मिनिटाला सुमारे २५ मीटर ठेवतात, म्हणजे १६० च्या आसपास फेरे पुरतात; उरलेले काम पायऱ्यांची कप्पी करते. शाळेत एकफेजी वीज असते आणि जुनी मोटर बहुधा तीनफेजी. येथे विद्यार्थ्यांनी हात लावायचा नाही; परवानाधारक वीजतंत्री बोलवायचा. अर्थिंग, पट्ट्यावर जाळीचे आवरण आणि हाताशी लाल रंगाचे बंद करण्याचे बटण, यांवाचून मोटर सुरू करण्यास माझा विरोध आहे. जुन्या तेलभरल्या कपॅसिटरांत विषारी रसायन असू शकते, ते फोडू नका. आणि ओढणी, सैल बाह्या, हातातले कडे, मोकळे केस हे फिरत्या चकाजवळ नकोत, हे मी कितीदाही सांगेन.

काही मुख्याध्यापक म्हणतात, आता संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रे आली, मुलांना हे जुने कशाला शिकवायचे? प्रश्न चांगला आहे, पण त्याचे उत्तर सीएनसी यंत्राच्याच पोटात आहे. त्यातही बेड आहे, स्पिंडल आहे, स्क्रूच्या फिरण्याने सरकणारी गाडी आहे. बॅकलॅश तेथेही शत्रू आहे. फक्त त्याच्याशी लढायला गोळ्यांवर फिरणारे नट आले आणि चाक फिरवणारा हात मोटरचा झाला. शिवाय ते सगळे झाकणाआड असते. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हाताने काम करत शिकण्याचा जो मार्ग आखला, तो त्यानंतर अनेक शाळांनी घेतला. पडीक लेथ हा त्या मार्गावरचा फुकट मिळालेला धडा आहे. जागा अडते ही तक्रार मात्र खरी आहे. तीन फूट रुंद आणि सहा-सात फूट लांब एवढी जागा जाते, आणि ज्या शाळेत वर्ग व्हरांड्यात भरतात तिला मी लेथ सांभाळा असे सांगणार नाही. तिने तो जवळच्या आयटीआयला किंवा दुसऱ्या शाळेला द्यावा, गिअरांच्या डब्यासकट.

आणखी एक गोष्ट मनात येते, ती लिहूनच टाकतो. सरळ बेड बनवायला सरळ बेड असलेले यंत्र लागते. मग पहिला सरळ बेड कसा झाला? लंडनच्या हेन्री मॉड्सले याच्या कारखान्यात १८०० च्या सुमारास आटे पाडण्याचे अचूक लेथ तयार झाले. सपाटी मिळवण्याची जी युक्ती पुढे व्हिटवर्थने १८४० साली विद्वानांपुढे मांडली ती अशी : दोन नव्हे, तीन पट्ट्या घ्या. रंग लावून एकमेकींवर आळीपाळीने घासा आणि जेथे रंग लागेल ते उंचवटे स्क्रेपरने खरवडा. दोनच पट्ट्या असतील तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊनही त्या एकमेकींवर घट्ट बसतील. पण तिन्हींपैकी कोणत्याही दोन एकमेकींवर बसत असतील तर तिन्ही सपाटच असल्या पाहिजेत. का, ते स्वतः विचार करून पाहा. भूमितीच्या तासाला मांडण्याजोगे आहे. तुमच्या लेथच्या क्रॉस-स्लाइडखाली, जेथे झीज पोहोचलेली नाही, तेथे चंद्रकोरीसारखे खरवडल्याचे ठसे दिसतील तर ते कोणा कारागिराच्या हाताचे आहेत.

तर कामाला लागा. आधी मुख्याध्यापकांची परवानगी, मग खोलीची किल्ली, मग यंत्राची वीज तोडली आहे याची शिक्षकांकडून खात्री. चार-पाच जणांचा गट पुरे. मध्यरेषेची उंची, दोन सेंटरांमधले अंतर, लीड स्क्रूचे दहा आटे, बोल्टांचे आटे, टेपरचा नंबर, गिअरांचे दात, ओतलेली अक्षरे आणि ठोकलेले आकडे, सगळे तारीख घालून वहीत उतरवा. क्रॉस-स्लाइडचा बॅकलॅश तबकडीच्या किती भागांचा ते लिहा. शक्य तर छायाचित्रे काढा. मग या पानाची एक प्रत मुख्याध्यापकांच्या सहीने जडसंग्रह नोंदवहीत 'लेथ मशीन, नग १' या ओळीसमोर चिकटवा, आणि शेरा या रकान्यात गिअरांचा डबा कोठे ठेवला आहे ते लिहा.